मलाईचा एकमेव फोटो

आयुष्यातल्या पहिल्या रोलवर मी घारींचे अठ्ठेचाळीस फोटो काढले. रोल छत्तीसचा होता. छत्तिसावा झाला, सदतिसावा झाला, चाळिसावाही निघाला, तेव्हा एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती. मला वाटलं, कॅमेरा रशियन आहे, त्या लोकांचा हात सढळ असेल. अठ्ठेचाळिसाव्याला अंगठा दुखायला लागला म्हणून थांबलो आणि बाजारातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने काळ्या पिशवीत हात घालून कॅमेरा उघडला, आतल्या आत काहीतरी चाचपलं, मग कॅमेरा बाहेर काढून त्याचं झाकण माझ्यासमोर सताड उघडलं. फिल्मची जीभ चक्रात अडकलीच नव्हती. रोल आपल्या डबीत होता तसा बसून होता, आणि मी महिनाभर रिकामा खटका दाबत गच्चीवर नाचलो होतो. "भैया, आपने तो हवा की फोटू खींची है," तो म्हणाला, आणि पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत बसलेल्या तिघांनाही त्याने ते समजावून सांगितलं.

आता पन्नाशीला आलो आहे. जयपुरात, सीतापुऱ्यातल्या एका निर्यात कंपनीसाठी हारांचे आणि कानातल्यांचे फोटो काढतो, म्हणजे जे काही केल्या हलत नाही त्याचे फोटो काढून पोट भरतो. सुटीच्या दिवशी मात्र नव्या कॅमेऱ्याने नाहरगड किल्ल्याच्या बाजूला जाऊन उडणारे शिकारी पक्षी टिपायचा प्रयत्न करतो. हा नवा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधतो, एका सेकंदात तीस फोटो काढतो, मी नुसता त्याच्यामागे उभा असतो. मुली म्हणतात, बाबा, तुम्ही नाही गेलात तरी चालेल, फक्त कॅमेरा पाठवा. त्यांना काय सांगणार, की त्यांच्या बापाने ससाण्याचा एकच खरा फोटो काढला, तो त्या रशियन कॅमेऱ्याने, सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि तो काढला नसता तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

तेव्हा आम्ही चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या जयपुरात, राहत होतो. नाना रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदली झाली तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत चार-सहा महिने कुठेतरी भाड्याने राहू असं ठरलं होतं; क्वार्टर मिळायला चार वर्षं लागली. एका अरुंद गल्लीत तीन मजली उभट घर होतं, आणि घरमालक होते मुन्ने चाचा. तळमजल्यावर त्यांचं नगिने, म्हणजे दागिन्यांतले खडे, घासायचं काम चाले, मधल्या मजल्यावर ते आणि चाची राहत, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. त्याच्यावर गच्ची, आणि गच्चीवर चाचांची कबुतरं. सकाळी आठाला खाली सान, म्हणजे खडे घासायचं चाक, सुरू झाली की एक बारीक सर्रर्र आवाज भिंतीतून वर चढत यायचा आणि आमच्या मांडणीतल्या पेल्यांना नाजूक कंप सुटायचा. आई म्हणायची, पाण्याचा पेला हातात धरला तरी चाचा कामाला बसले की नाही ते कळतं. संध्याकाळी सान थांबली की कबुतरांचं घुमणं ऐकू यायला लागे. ते दिवसभर चालूच असायचं, पण आपल्या लक्षात तेव्हा यायचं.

आई यावलकडची. जयपूरला येऊन तिने पहिल्या आठवड्यात शोध लावला, की इथले लोक आपल्या बट्टीला बाटी म्हणतात आणि ती उकडून-तळून न करता निखाऱ्यात भाजतात. हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. वरण-बट्टी केली की ती एक वाडगं भरून खाली चाचीला पाठवायची, खरं म्हणजे धडा शिकवायला. चाची वाडगं परत करताना त्यात कधी शेवया, कधी गाजराचा हलवा घालून पाठवत, आणि निरोप असे, "भाभी से कहना, दाल बहुत अच्छी थी." बट्टीबद्दल एक शब्द नाही. थंडीत ओळखीच्या गार्डांच्या साखळीतून, या गाडीतून त्या गाडीत, भुसावळहून हिरवी वांगी यायची. आई ती गच्चीवर शेगडीत भाजे. त्या वासाने चाची वर येत, भिंतीला टेकून उकिडव्या बसत आणि आईला वांगं सोलताना बघत राहत. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळे, त्यामुळे बोलणं दुप्पट चाले.

कॅमेरा मला नानांच्या एका दोस्ताने दिला. रिटायर होऊन गावी चालले होते, सामान कमी करायचं होतं. हाताएवढी लांब लेन्स, आणि सगळंच आपण करायचं: उजेड मोजायचा, लेन्स फिरवून फोकस धरायचा, मग खटका. दुसऱ्या रोलपासून फिल्म चक्रात अडकली आहे की नाही ते मी इतक्यांदा तपासायचो की निम्मा रोल त्यातच उजेड खाऊन जायचा. पुढचे तीन रोल घारीच घारी, आणि सगळ्या कोळशाच्या. आभाळ इतकं उजळ असतं की कॅमेरा त्यालाच बघतो आणि पक्षी काळा पडतो. नाना ड्युटीवरून येऊन, बूट काढता काढता फोटो बघत आणि विचारत, "ही तीच का कालची?" मी म्हणे, नाही नाना, ही वेगळी. ते म्हणत, "बरं."

उजेडाचं कोडं मला चाचांच्या गच्चीने सोडवून दिलं. आजूबाजूच्या गच्च्यांना चुना दिलेला असे. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की ते उलटून वर जायचं, आणि एखादा पक्षी खालून, अगदी गच्च्यांवरून गेला, तर त्याचं पोट, पायाची नखं, पंखाखालच्या रेघा, सगळं उजळून निघायचं. म्हणजे पक्षी खालून जायला हवा. घारी जायच्या, पण एव्हाना मला घारींचा कंटाळा आला होता. मला बहिरी ससाणा हवा होता. थंडीत तो नाहरगडाच्या कड्यांवर यायचा आणि गावातल्या कबुतरांवर पोट भरायचा. चाचा त्याला बहरी म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत, जणू त्याला ऐकू जाईल.

तो दिसतो कसा, हे मला चाचांनीच शिकवलं. मी मान मोडेपर्यंत आभाळ बघत बसायचो. एकदा त्यांनी माझी हनुवटी धरून खाली केली. "आसमान में क्या रखा है, मास्टर? कबूतर को देख. वो तुझे बताएगा." मग मी कबुतरं बघायला शिकलो. थवा सैल उडत असला, चार इकडे दोन तिकडे, तर आभाळ रिकामं. सगळी एकदम गोळा झाली, मूठ आवळल्यासारखी, आणि एकदम वळली, तर तो कुठेतरी आहे. मग कावळे बोलायला लागतात. मग एक क्षण कुणीच बोलत नाही. त्या क्षणी चाचा तेलाचा रिकामा डबा, त्याला ते कनस्तर म्हणत, लाकडाने बडवायला लागायचे आणि दुसऱ्या हाताने बाजरी फेकत "आ, आ, आ" करायचे. कबुतरं धपाधप खाली उतरायची, आणि ससाणा, आला असलाच, तर आवाजाने वर उचलला जाऊन निघून जायचा. आता यातली माझी अडचण लक्षात घ्या. जे यावं म्हणून मी गच्चीवर बसायचो, ते येऊ नये म्हणून ते बसायचे. मी शेजारी बसून त्यांचा चहा प्यायचो, त्यांच्याकडून शिकायचो आणि मनातल्या मनात त्यांच्या विरुद्ध बाजूने असायचो. एवढ्या वर्षांनी हे लिहिताना हसू येतं आहे, पण पूर्ण येत नाही.

गल्लीच्या पलीकडच्या गच्चीवर हबीब मामू कबुतरं उडवायचे. ते चाचींचे सख्खे भाऊ, चाचांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि धंदा तोच, नगिन्यांचा. दोन गच्च्यांमधलं अंतर एवढं की मामूंनी पान लावलं तर चाचा हात लांब करून घेत. दोघांचे थवे आभाळात एकमेकांत मिसळत, आणि कुणाची कबुतरं कुणाच्या छपरावर उतरतात हाच तो खेळ. इतर कबुतरबाजांत पकडलेलं कबूतर पकडणाऱ्याचं. या दोघांत मात्र करार होता, की चुकून आलेलं पाखरू संध्याकाळच्या आत परत करायचं. तीस वर्षांत तो मोडला नव्हता. चाचांचा सगळ्यात जीव होता मलाईवर. सायीच्या रंगाची मादी, उडायला लागली की आभाळात ठिपका होऊन तासन् तास राहायची. तिच्या पायात त्यांनी पितळेचं बारीक कडं घातलं होतं आणि त्यात, कारागीरच ते, हिरव्या खड्याची एक कणी बसवली होती. "पन्ना है," ते सांगत. "खोटवाला है, पर है पन्ना."

एका सकाळी खाली कुणी व्यापारी आला म्हणून चाचांना बोलावणं आलं. कबुतरं वर होती, मामूंचीही होती, मिसळलेली. चाचा जिना उतरता उतरता म्हणाले, "दस मिनट नज़र रख. बहरी दिखे तो कनस्तर बजा देना." मी हो म्हणालो. कनस्तर माझ्या पायाशी होतं, लाकूड त्याच्यावर आडवं. कॅमेरा गळ्यात.

थवा गोळा झाला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी लपवत नाही: आनंद झाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कोपरं छातीशी आवळली, श्वास धरला, आणि वरून एक काळी रेघ खाली येताना दिसली, दगड टाकावा तशी. खटका दाबला. त्या जुन्या कॅमेऱ्यात एक गंमत असे. खटका दाबला की आतला आरसा वर उचलला जायचा आणि डोळ्यापुढे अंधार. जो क्षण फिल्मवर उतरतो तेवढाच नेमका काढणाऱ्याला दिसत नाही. अंधार गेला तर आभाळ रिकामं. मग डाव्या हाताला, गच्च्यांच्या अगदी वरून, तो चालला होता, जड, हळू, पंख खोल मारत. मी त्याच्याबरोबर वळत गेलो, लेन्स फिरवत त्याच्या कडा धारदार केल्या आणि दुसरा खटका दाबला. मी कडा बघत होतो. ससाणा बघत नव्हतो, त्याने काय धरलं आहे ते तर नाहीच. कॅमेरा खाली केला तेव्हा थवा विस्कटून लांब गेला होता आणि कनस्तरावरचं लाकूड जागच्या जागी होतं.

चाचा वर आले. थोड्या वेळाने पाखरं उतरली. एकवीस गेली होती, वीस आली. मलाई नव्हती. त्यांनी पुन्हा मोजली, आभाळ बघितलं, मग माझ्याकडे बघून सहज विचारलं, "बहरी तो नहीं आई थी?" माझी मान हलली. मी ती हलवली असं म्हणवत नाही, पण हलली ती नाही म्हणायलाच. आला होता म्हणावं तर कनस्तर का नाही वाजलं, हा पुढचा प्रश्न होता. शिवाय मी स्वतःला सांगितलं, की त्याने कबूतर धरलं हे मी कुठे पाहिलं आहे?

संध्याकाळी चाचांनी पलीकडे हाक मारली. "हबीब, मलाई तेरे यहाँ उतरी है क्या?" "ना भाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं त्या सुरात प्रश्न नव्हता. मामू म्हणाले, "पिंजरे खोल के दिखाऊँ?" चाचा म्हणाले, "जिसे छुपाना हो वो गच्चीवर थोडी ठेवेल," म्हणजे हिंदीतच म्हणाले; एवढ्या वर्षांत माझ्या कानात त्याचं मराठी होऊन बसलं आहे. मामूंनी त्यावर चाचांच्या वडिलांच्या नजरेबद्दल काहीतरी काढलं, चाचांनी मामूंच्या घासलेल्या नगिन्यांबद्दल, आणि कारागिराला ते वडिलांपेक्षा जास्त लागतं. दोन्ही गच्च्यांची दारं लागली. पुढच्या महिन्यात मामूंच्या मुलीची, रुखसानाची मंगनी, म्हणजे साखरपुडा, ठरली होती. चाचींना मूलबाळ नव्हतं, रुखसाना त्यांच्याच मांडीवर वाढलेली. चाचांनी जिन्यातून सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "मेरे घर से कोई नहीं जाएगा."

त्या तीन आठवड्यांत घराचे आवाज बदलले. सान सकाळी लवकर सुरू व्हायची आणि उशिरापर्यंत थांबायची नाही. चाचा कबुतरं उडवत, पण मामूंनी आपली खाली उतरवल्यावर. चाची एरवी कपडे खालच्या मागच्या अंगणात वाळत घालायच्या, त्या आता गच्चीवर घालायला लागल्या, गल्लीच्या बाजूच्या दोरीवर, एकेक चादर झटकून, ताणून, पुन्हा काढून, पुन्हा घालून. मला त्याचा भारी वैताग यायचा. नेमकं ऊन खालून उलटायला लागायचं आणि माझ्या चौकटीत यांची चादर. एका फोटोत तर अर्धी घार आणि अर्धी ओढणी आहे. ससाणा पुन्हा आला नाही. मी रोल संपवायची घाई करत होतो आणि संपू नये असंही वाटत होतं, कारण तो संपल्याशिवाय धुवायला देता येत नव्हता. शेवटी पाच फोटो उरले तेव्हा आईने, वांगी आली होती, "माही अन् शेगडीची काढ ना मेल्या, तं संपून जाईल," म्हणून रोल संपवून टाकला.

स्टुडिओतल्या माणसाने पाकीट देताना या वेळी विनोद केला नाही. "ये वाली आपने खींची?" एवढंच विचारलं. मी दुकानाच्या पायरीवर बसून बघितला. पंख पूर्ण पसरलेले, छातीवरच्या आडव्या रेघा मोजता येतील अशा, गालावरची काळी मिशी, डोळ्याची पिवळी कड. चुन्याच्या गच्च्यांचा उजेड पोटावर पडलेला. आणि नखांत सायीच्या रंगाचं काहीतरी, एक पाय खाली लोंबणारा, त्या पायात हिरवा ठिपका. इतका नीट फोटो मी त्यानंतर कधी काढला नाही. तिथे बसून मला आधी तो आवडला, भरपूर आवडला, आणि मग तो हिरवा ठिपका कशाचा ते कळलं. हा क्रम मी उलटा करून सांगू शकलो असतो.

घरी आईला दाखवला. तिने चष्मा लावून बघितला आणि हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. नाना तेवढ्यात ड्युटीवरून आले. मी सगळं सांगितलं, कनस्तरासकट, मान हलल्यासकट. नानांनी एक बूट काढला होता, दुसरा तसाच ठेवून ऐकलं. त्यांनी मला जन्मात मारलं नाही, त्या दिवशी मारतील तर बरं असं वाटलं. ते म्हणाले, "गार्ड मागच्या डब्यात बसून काय करतो? बघतो. पण नुसतं बघायला रेल्वे माणूस ठेवत नाही, दिन्या. लाल बावटा दाखवायचा नसेल तर पाहिलं कशाला?" मग दुसरा बूट काढला. आई म्हणाली, "आता जाय खाली. अन् फोटो घेऊन जाय, नाहीतर अर्ध्या जिन्यात तुही गोष्ट बदलंन."

चाचा सानेवर होते. मी फोटो पुढे केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "चाचा, उस दिन बहरी आई थी." त्यांनी सान थांबवली. नगिने तपासायचं भिंग डोळ्याच्या खोबणीत बसवलं, फोटो दिव्याखाली नेला आणि खड्याची खोट शोधावी तसा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू वाचला. हिरव्या ठिपक्यावर ते किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ये खींचने में कितनी देर लगती है?" चाचांनी भिंग न काढता विचारलं.

"कुछ नहीं, चाचा. पलक झपकने जितनी."

"और कनस्तर बजाने में?"

त्यांनी भिंग काढलं. रागावतील असं मला वाटत होतं. ते थकल्यासारखे दिसले. "बोझ था न," ते म्हणाले, "इसलिए नीची उड़ी. खाली होती तो तेरे हाथ न आती." मग फोटो उताणा गुडघ्यावर ठेवून, माझ्याशी की चाचींशी कोण जाणे, म्हणाले, "पर मुझे लगता था हबीब के पास है. हबीब के पास होती, तो ज़िंदा होती."

तीन आठवडे हा माणूस आपल्या दोस्ताला चोर का म्हणत होता ते मला तेव्हा कळलं. त्याला मलाई चोरीला गेलेली हवी होती. सतराव्या वर्षी पुरावा ही चीज मला फार मोठी वाटायची, आणि माझ्या हातात होता तसा पुरावा त्या गल्लीत कुणाकडे नव्हता. चाचींनी दारातून विचारलं, "चलें?" चाचा उठले, गुडघ्यावरची खड्यांची भुकटी झटकली, टोपी घातली. माझ्या खांद्याला धरून मला पुढे घातलं आणि गल्ली ओलांडली.

हबीब मामू जिन्याच्या तोंडाशीच होते. चाचांनी फोटो दिला आणि बाजूला बघत म्हणाले, "ले. तेरे यहाँ नहीं थी." माफीचा शब्द मी त्या घरात दोघांच्याही तोंडून ऐकला नाही. मामूंनी फोटो बघितला, लांब धरून, मग जवळ धरून. मग ते हळूच म्हणाले, "मुन्ने, क्या जानवर है, यार." आणि चाचा, ज्यांचं काळीज त्या नखांत लोंबत होतं, ते वाकून पुन्हा बघायला लागले. दोघांची डोकी फोटोवर एकत्र आली. छाती बघ. पंजा बघ. ही मादी आहे, नर एवढा भरत नाही. दोन कबुतरबाज आपल्या वैऱ्याची अशी तारीफ करताना मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. चाची केव्हाच आत निघून गेल्या होत्या. थोड्या वेळाने मामूंनी मान वर केली आणि मला विचारलं, "पूरी रील में यही एक ठीक आई?" मी म्हणालो, एक आईची आणि शेगडीची पण बरी आली आहे.

शिक्षा चाचांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. थंडी संपेपर्यंत रोज सकाळी गच्चीवर हजर व्हायचं, कनस्तर घेऊन, कॅमेरा घरी. मी गेलो. पहिले काही दिवस गळा हलका हलका वाटायचा. एका सकाळी थवा आवळला, कावळे बोलले, आणि मी त्याला अख्खा पाहिला: नाहरगडाच्या बाजूने आला, उंचावर एकदा पंख फडफडवले, मग मिटले, आणि खाली. मध्ये अंधार नाही, कडा नाहीत, चौकट नाही. पंख मिटलेला पक्षी एवढा लहान होतो, आणि त्याच्या येण्याला आवाज असतो, लांबून कापड फाडल्यासारखा, हे मला माहीतच नव्हतं. हे सगळं मी कनस्तर बडवत, घसा फुटेस्तोवर "आ, आ" ओरडत पाहिलं. पलीकडून मामूही बडवत होते. ससाणा दोन गच्च्यांच्या मधोमध, आमच्या डोक्यांपासून चार हातांवर, वळला आणि वर निघून गेला. एकवीसच्या जागी वीस गेली होती, वीस उतरली. त्या झेपेचा फोटो नाही. नव्या कॅमेऱ्याने मी तसल्या झेपांचे किती तरी काढले आहेत, सेकंदाला तीस, आणि घरी येऊन संगणकावर बघताना दर वेळी वाटतं, यात आवाज नाही.

मंगनी झाली. आईने बट्ट्या केल्या होत्या, त्या पंगतीत संपल्या, तरी त्यांच्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. फोटो चाचांनी ठेवून घेतला. पुढच्या वर्षी आम्हाला क्वार्टर मिळालं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी जगतपुऱ्यातल्या आमच्या बाल्कनीत बसून सुनंदाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. ती जळगावची. मेथी निवडत होती, निवडता निवडता ऐकत होती. ससाण्याच्या झेपेपाशी माझा आवाज जरा चढला, तिथे तिने जुडी खाली ठेवली, त्यामुळे मला बरं वाटलं. वाचून संपलं. मी म्हटलं, कसं झालंय? ती म्हणाली, "छान झालंय." मग पुन्हा मेथी उचलली, दोन काड्या निवडल्या, आणि म्हणाली,

"माझं माहेर इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब आहे, मला येत नाही तिकडे बघत कपडे वाळत घालता. त्या बाईचं हात लांब करण्याएवढ्या अंतरावर होतं, आणि तुम्ही तिघांनी ते तीन आठवडे बंद करून ठेवलंत. अहो, ती काही तुमच्या फोटोच्या मध्ये येत नव्हती. ती तिथे उभी होती. तुमचाच कॅमेरा तिच्या डोक्यावरून जात होता."